संगणकाच्या दप्तरातील तारीख

०५/०४/२०२४ एवढाच मजकूर एखाद्या कागदावर असला, तर पुण्याचा कारकून त्यास पाच एप्रिल म्हणेल आणि न्यूयॉर्कचा कारकून चार मे म्हणेल. आणि आपापल्या मुलखाच्या रिवाजाप्रमाणे दोघांचेही वाचन बिनचूक असल्यामुळे, संगणकाने तारीख कोणत्या रूपात साठवावी आणि कोणत्या रूपात दाखवावी, या दोन प्रश्नांची फारकत करणे अगत्याचे होऊन बसते.

जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत तारखेची नोंद होते ती १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, उलटलेल्या मिलिसेकंदांच्या एका संख्येत. या संख्येला भाषा नाही आणि प्रांतही नाही; भाषा व प्रदेश यांची खूण सांगणाऱ्या ‘लोकेल’च्या योगाने ती वाचकासमोर त्याच्या रिवाजाप्रमाणे रुजू होते. १५ ऑगस्ट २०२४ हीच तारीख अमेरिकन लोकेलमध्ये महिना आधी घेऊन येते, थायलंडच्या लोकेलमध्ये बौद्ध सनाचे २५६७ साल दाखवते, आणि मराठी लोकेलमध्ये देवनागरी अंकांत उमटते. हिंदीचे लोकेल मूलतः इंग्रजी अंक वापरते. मराठीने आपले अंक येथे राखले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. राष्ट्रीय दिनदर्शिका मागितल्यास २४ श्रावण, शके १९४६ असेही उत्तर मिळते. मात्र २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेली ही गणना सौर असल्याने पंचांगातील तिथीशी तिचा मेळ बसत नाही.

लोकेलचा अंमल लेखनापुरताच असतो, आणि याचा विसर पडला म्हणजे मोठा घोटाळा होतो. ‘२०२४-०८-१५’ ही जन्मतारीख जावास्क्रिप्टच्या हवाली केली, की ती भाषा तिचा अर्थ प्रमाणवेळेची मध्यरात्र असा लावते. भारताचे घड्याळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे मुंबईच्या प्रोग्रॅमरास पडद्यावर पंधरा तारीखच दिसते व काम चोख झाल्याचे समाधान वाटते. परंतु न्यू जर्सीतील मराठी गृहस्थाने तेच पान उघडले, तर तेथील घड्याळ त्या दिवसांत चार तास मागे असल्याने, त्याच्या मुलीची जन्मतारीख शुद्ध मराठीत आणि देवनागरी अंकांत १४ ऑगस्ट अशी उमटते. जन्मतारखेला घटका-पळांचा हिशेब लागू नाही; मुलगी जगात कोठेही राहो, तिचा वाढदिवस पंधरालाच असतो.

तेव्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की दिवस-महिन्याचा क्रम त्यांनी स्वहस्ते न जुळवता लोकेलवर सोपवावा, असा केवळ दिनांक दाखवताना कालविभाग म्हणून प्रमाणवेळच नमूद करावी, आणि काम सुपूर्द करण्यापूर्वी आपल्या संगणकाचे घड्याळ न्यूयॉर्कच्या वेळेवर लावून ते पान एकदा तपासावे.