जुनी होडी, नवी यंत्रे : पडद्याआधी तारेचा विचार करा

मालवण किनाऱ्यावर समुद्र आणि बाजारपेठ वेगळ्या नाहीत. सर्जेकोट, देवगड, वेंगुर्ला या बंदरांत मासळी उतरली की बर्फवाला, डिझेलवाला, टेम्पोवाला, किराणा दुकानदार आणि आम्ही कापडवाले, सर्वांचे गल्ले हलतात. नारळी पौर्णिमेनंतरचा हंगाम बरा गेला तर जुनी उधारी वसूल होते. म्हणून होडीवरील यंत्रांचा हिशेब हा एकट्या मालकाचा विषय नाही, तो व्यापाराचाही आहे.

जून-जुलैच्या पावसाळी बंदीत होड्यांची डागडुजी होते. जुन्या होडीवर नवा जीपीएस किंवा रंगीत पडद्याचा फिश फाइंडर बसवण्याचा विचारही याच काळात होतो. मालक बहुधा पडद्याचा आकार पाहून पैसे मोजतो. परंतु कापड कितीही भारी असले आणि शिलाईचा दोरा कच्चा असला, तर कपडा लवकरच उसवतो. होडीवर हा दोरा म्हणजे बॅटरी आणि तारा.

प्रथम विजेचे पाहू. इंजिनचा स्टार्टर आणि जीपीएस एकाच बॅटरीवर असतील, तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज घसरते आणि पडदा विझतो. यंत्रांसाठी बॅटरी वेगळी ठेवावी आणि प्रत्येक यंत्राला स्वतंत्र फ्यूज द्यावा. तारेची जाडीही महत्त्वाची आहे. २५ वॅटचा व्हीएचएफ वायरलेस बोलताना १२ व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर खेचतो. बॅटरी ६ मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन १२ मीटर तार लागते. बाजारात जिला दीड एमएमची तार म्हणतात, तिच्यात एवढ्या अंतरात पाऊण व्होल्टहून अधिक हरवतो. ४ एमएमच्या तारेत हेच नुकसान एक तृतीयांश व्होल्टच्या आसपास राहते. तार कथिलाचा मुलामा दिलेली घ्यावी. साधे तांबे खाऱ्या हवेत काळे-हिरवे पडते.

दुसरी बाब जोडणीची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. जीपीएस होडीची जागा तांडेलाला सांगतो, किनाऱ्याला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह देवगड बंदराच्या आश्रयाला आल्या होत्या. भर समुद्रात असलेली माणसे कोठे आहेत, हे किनाऱ्याला कळणे किती मोलाचे आहे, हे त्या वेळी या जिल्ह्याने जवळून पाहिले.

डीएससी सोय असलेल्या व्हीएचएफ वायरलेसवर झाकणाखाली संकटाचे लाल बटण असते. ते दाबून धरले की होडीचा क्रमांक आणि जागा आपोआप प्रसारित होते. परंतु वायरलेसला जीपीएस जोडलेला असेल, किंवा त्यात स्वतःचा जीपीएस असेल, तरच जागा आपोआप जाते. नाहीतर आकडे हाताने भरावे लागतात, आणि बुडत्या होडीवर तेवढी सवड कोणाला? या वायरलेसला नऊ आकडी ओळख क्रमांकही लागतो. भारतीय नौकांचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. तो रीतसर मिळवून यंत्रात भरल्याशिवाय लाल बटण निकामीच राहते.

जुन्या आणि नव्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून १९८३ पासून ‘एनएमईए ०१८३’ ही पद्धत चालत आली आहे. जीपीएसच्या ‘आउट’ तारा वायरलेसच्या ‘इन’ तारांना जोडायच्या आणि दोन्हींचा वेग साधारणपणे ४८०० ठेवायचा. तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, म्हणून रंगावर न जाता पुस्तिका पाहावी. यानंतरच्या ‘एनएमईए २०००’ पद्धतीत एकाच मुख्य केबलवर सर्व यंत्रे येतात. मात्र त्या केबलला १२ व्होल्टच लागतात. होडी २४ व्होल्टची असेल तर मध्ये कन्व्हर्टर घालावा.

तिसरी बाब जुन्या खुणांची. खडप आणि मासळीच्या जागा जुन्या यंत्रात वर्षानुवर्षे साठवलेल्या असतात. यंत्र काढण्याआधी त्या वहीत उतरवाव्यात. उतरवताना सेकंद आणि मिनिटांचे दशांश यांत गोंधळ होऊ देऊ नये. १६ अंश ३ मिनिटे ५० सेकंद आणि १६ अंश ३.५० मिनिटे हे सारखे दिसले तरी त्यांत ६०० मीटरहून अधिक फरक आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत एवढी चूक होडी फोडायला पुरेशी आहे.

होकायंत्र, ज्याला उर्दूत कुतुबनुमा म्हणतात, ते काढून टाकू नये. त्याला बॅटरी लागत नाही. वायरलेसचा स्पीकर त्याच्यापासून दूर ठेवावा आणि जवळून जाणाऱ्या विजेच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून न्याव्यात. नाहीतर सुई खोटे बोलते.

अँटेना उंच करणे हा आणखी एक किफायतशीर उपाय आहे. दोन होड्यांच्या अँटेना पाण्यापासून ४ मीटरवर असतील, तर व्हीएचएफचा पल्ला साधारण १६ किलोमीटर पडतो. ९ मीटरवर तो २४ च्या पुढे जातो.

मोबाइलचे टॉवर मागे पडल्यावरही संदेश पोहोचावा म्हणून ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे केंद्राच्या एका योजनेचा प्रारंभ झाला. इस्रोच्या तंत्रावरील ट्रान्सपाँडर १ लाख मासेमारी नौकांवर मोफत बसवण्याची ही योजना ३६४ कोटी रुपयांची आहे. मालकांनी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात तिची चौकशी अवश्य करावी.

खर्चाचा क्रम असा असावा : आधी बॅटरी, तारा व फ्यूज, मग वायरलेसची जोडणी व अँटेना, आणि उरलेल्या पैशांतून मोठा पडदा. हंगामाच्या पहिल्या फेरीआधी बंदरातच इंजिन सुरू करून पाहावे. जीपीएस विझला नाही आणि वायरलेसच्या पडद्यावर अक्षांश-रेखांश दिसले, तरच कारागिराचे पैसे चुकते करावेत.