यंत्र रिकामं राहिलं म्हणजे तोटाच?
ऑपरेशन्स रिसर्च : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरोली, भोसरी किंवा सातपूरच्या एमआयडीसीत पंधरा-वीस माणसांचा कारखाना चालवणाऱ्या उद्योजकासमोर ‘ऑपरेशन्स रिसर्च’चं नाव काढलं, तर हे आपल्यासाठी नाही असंच त्याला वाटतं. विमान कंपन्यांनी, रेल्वेने, फार तर मोठ्या वाहन कंपन्यांनी करायची ती गोष्ट. इंजिनिअरिंगला असताना या विषयाचा एक पेपर दिलेला असतो, सिम्प्लेक्सचे तक्ते भरलेले असतात, आणि परीक्षेनंतर ते सगळं मागे पडलेलं असतं. यात मोठं नुकसान आहे असं मला वाटतं. साधनं मोजकी, मागण्या अनेक आणि त्यांतून कमी खर्चाची वाट काढायची, हा पेच लहान कारखान्यालाच रोज पडतो. तो शिस्तीने सोडवण्याचं शास्त्र म्हणजे हा विषय. त्याच्याभोवती साचलेले काही समज तपासून पाहू.

“हे मोठ्या कंपन्यांचं काम”

एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये 6 मीटर लांबीचे पाइप येतात असं धरू. ऑर्डरसाठी 2.45 मीटरचे 20 आणि 1.75 मीटरचे 40 तुकडे हवे आहेत. कटिंगवाला सवयीने आधी मोठे तुकडे काढतो. एका पाइपातून दोन, म्हणजे 10 पाइप. मग लहान तुकडे, एकातून तीन, म्हणजे 14 पाइप. एकूण 24. पण प्रत्येक पाइपातून एक मोठा आणि दोन लहान असे तुकडे काढले, तर 5.95 मीटर वापरले जातात. उरलेले 5 सेंटिमीटर पात्याच्या जाडीत जाणाऱ्या मालाला पुरतात आणि सगळी ऑर्डर 20 पाइपांत बसते.

20 पेक्षा कमी पाइपांत काम भागेल का? सगळ्या तुकड्यांची लांबी मिळून 119 मीटर होते आणि 19 पाइप म्हणजे 114 मीटर. तेव्हा नाही. हा शेवटचा हिशेब मला या विषयाचा गाभा वाटतो. चांगलं उत्तर अनुभवानेही सापडतं, पण याहून चांगलं उत्तर असूच शकत नाही ही खात्री गणित देतं. आता आणखी शोधत बसण्यात अर्थ नाही हे कळण्यालाही किंमत असते.

दोन मापांचा हा हिशेब वहीत होतो. मापं पंधरा झाली की कापण्याच्या संभाव्य रचना लाखांच्या घरात जाऊ शकतात. कागदाचे मोठे रोल कापणाऱ्या गिरण्यांपुढे हाच प्रश्न होता. पॉल गिल्मोर आणि राल्फ गोमोरी यांनी 1961 मध्ये त्यावर जी पद्धत मांडली, तिच्यात सगळ्या रचना आधी लिहून काढाव्या लागत नाहीत. उपयोगी पडेल तीच रचना गरजेप्रमाणे तयार केली जाते. आज असे हिशेब एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये किंवा गूगलच्या मोफत ‘ओआर-टूल्स’मध्ये साध्या लॅपटॉपवर होतात. कटिंगवाला मात्र एक रास्त शंका काढेल. 24 पाइप कापून उरलेले लांब तुकडे भंगारात जात नाहीत, पुढच्या ऑर्डरला लागतात. ते खरोखर लागत असतील, तर त्यांची किंमत हिशेबात धरायला हवी. ती किती धरायची हे गणित सांगत नाही, तो सांगतो.

“यंत्र शंभर टक्के चालू म्हणजे कारखाना कार्यक्षम”

सगळ्यांत खोल रुजलेला आणि मला सगळ्यांत महागडा वाटणारा समज हाच. लाखोंचं कर्ज काढून घेतलेलं मशीन उभं दिसलं की मालकाच्या पोटात कालवतं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण मशीनला रिकामा वेळ मिळू नये याची तजवीज म्हणजे मशीनसमोर कायम रांग असण्याची तजवीज.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे ए. के. अर्लांग यांनी 1909 मध्ये टेलिफोनच्या कॉलवर जो निबंध लिहिला, तिथून रांगांचं गणित सुरू झालं. त्यातलं एक साधं प्रारूप घेऊ. मशीन एकच आहे, कामं आगाऊ न ठरता येतात आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळही कमीजास्त होतो. सरासरी एक तास लागतो. मशीन 50 टक्के वेळ व्यस्त असेल, तर येणाऱ्या कामाला सरासरी एक तास थांबावं लागतं. 80 टक्के व्यस्त असेल तर 4 तास, 90 टक्क्यांना 9 तास आणि 95 टक्क्यांना 19 तास. वापर 90 वरून 95 टक्क्यांवर गेला, हे कागदावर पाच टक्क्यांचं यश दिसतं, पण तेवढ्यात थांबण्याचा वेळ दुपटीच्याही वर जातो. शंभर टक्क्यांजवळ रांगेला अंतच राहत नाही. ‘आम्ही रात्रंदिवस राबतो, तरी डिलिव्हरी उशिरा जाते’ ही तक्रार ज्या शॉपमध्ये ऐकू येते, तिथे माणसं आळशी नसतात. तिथे मोकळा वेळ शिल्लक ठेवलेला नसतो.

याचा अर्थ प्रत्येक मशीन निम्मा वेळ बंद ठेवावं असा नाही. ज्या एका मशीनवर सगळ्या कारखान्याचा वेग अडतो, ते रिकामं राहू न देणंच योग्य. बाकीच्यांना सैलपणा हवा, म्हणजे त्या एकाला वेळेवर माल मिळतो. दुसरं म्हणजे रांग लांबते ती केवळ वापरामुळे नाही, अनियमितपणामुळेही. कामं ठरावीक अंतराने आली आणि प्रत्येकाला साधारण सारखाच वेळ लागला, तर त्याच 90 टक्क्यांवर थांबणं खूप कमी होतं. नवं मशीन घेण्याआधी कामाच्या येण्याला शिस्त लावून पाहणं स्वस्त पडतं.

साखर कारखान्याच्या आवारात हा प्रश्न उघड्यावर दिसतो. गळीत हंगामात गव्हाणीत ऊस सतत पडत राहायला हवा, कारण गाळप थांबणं महागात पडतं. त्या भीतीने आवारात वाहनं आणि बैलगाड्या भरून ठेवल्या जातात. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक नियम इथे लावता येतो. रांगेतल्या वाहनांच्या संख्येला ताशी रिकाम्या होणाऱ्या वाहनांच्या संख्येने भागलं की सरासरी थांबण्याचा वेळ मिळतो. उदाहरणादाखल आवारात 240 वाहनं उभी आहेत आणि ताशी 20 रिकामी होतात असं धरलं, तर प्रत्येकाला सरासरी 12 तास. तोडलेला ऊस थांबला की सुकतो, त्यातली साखर घटते. वजनकाट्यावर चढण्याआधी घटलेलं वजन शेतकऱ्याच्या बिलातून जातं, घटलेला उतारा कारखान्याचा जातो, आणि वाहतूकदाराची खेप बुडते.

आता आवारातल्या वाहनांची इष्टतम संख्या काढायची तर खर्च कुणाचा धरायचा? फक्त गाळप बंद पडण्याचा धरला, तर आवार जितकं भरलेलं तितकं चांगलं असं उत्तर येईल, आणि ते गणिताच्या दृष्टीने बिनचूक असेल. शेतकऱ्याचं घटलेलं वजन आणि गाडीवानाची रात्र त्यात धरली, तर उत्तर वेगळं येईल. ‘ऑप्टिमायझेशन केलं आहे’ असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो : कुणाच्या खर्चाचं?

“कॉम्प्युटरने काढलेलं उत्तर अंतिम”

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी 1945 मध्ये एक प्रश्न मांडला. 77 पदार्थांतून 9 पोषक घटकांची गरज भागेल असा सर्वांत स्वस्त आहार कोणता? त्यांनी अंदाजाने काढलेलं उत्तर 1939 च्या दरांनी वर्षाला 39.93 डॉलर होतं. जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत 1947 मध्ये आली तेव्हा तिची कसोटी याच प्रश्नावर लागली. नऊ कारकुनांनी हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर मिळून 120 मनुष्यदिवस खपून उत्तर काढलं : 39.69 डॉलर. स्टिगलर यांचा अंदाज अवघ्या 24 सेंटांनी चुकला होता.

पुढची हकिकत जास्त शिकवणारी आहे. वजन कमी करण्यासाठी डँट्झिग यांनी स्वतःच्या आहाराचं प्रारूप कॉम्प्युटरवर मांडलं. पाण्याचा अंश वगळता पोटात जास्तीत जास्त वजन जावं, म्हणजे पोट भरल्यासारखं वाटेल, असं उद्दिष्ट ठेवलं. उत्तरात 500 गॅलन व्हिनेगर आलं. व्हिनेगरच्या नोंदीत पाण्याचा अंश शून्य होता, त्यामुळे प्रारूपाला तो अत्यंत पोटभरीचा पदार्थ वाटला. व्हिनेगर काढून टाकल्यावर दिवसाला 200 बुयाँ क्यूब, म्हणजे सूप करण्याच्या खारट वड्या, असं उत्तर आलं. इतकं मीठ कुणी खाऊ शकत नाही ही अट घालायची राहून गेली होती. पद्धतीत काहीच चूक नव्हती. जी अट आपल्याला सांगण्याइतकीही महत्त्वाची वाटत नाही, ती सांगितल्याशिवाय प्रारूपाला कळत नाही.

“आधी सगळा डेटा अचूक हवा”

काही ठिकाणी हवा, सगळीकडे नाही. एका वेळी किती कच्चा माल मागवावा याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी 1913 मध्ये दिलं. त्यात साठवणुकीचा खर्च लागतो, आणि तो नेमका कुणालाच सांगता येत नाही. पण समजा तो प्रत्यक्षाच्या दुप्पट धरला गेला. ऑर्डर योग्य आकाराच्या 71 टक्के येईल, आणि मागवणं व साठवणं यांचा मिळून खर्च फक्त 6 टक्क्यांनी वाढेल. म्हणजे ढोबळ आकड्यांवरही काम भागतं. कुठल्या आकड्यातली चूक महागात पडते आणि कुठली पचते, हे प्रारूप मांडलं की कळतं, म्हणून डेटा गोळा करण्यात दोन वर्षं घालवण्याआधी कच्चं प्रारूप मांडावं.

“सगळे पर्याय तपासायचे, कॉम्प्युटर आता वेगवान आहेत”

वितरणाच्या गाडीला सुरुवातीच्या ठिकाणासह 20 थांबे असतील, तर फेरीचे सुमारे 6 कोटी अब्ज वेगळे क्रम होतात. सेकंदाला दहा लाख क्रम तपासले तरी 1,900 वर्षं लागतील. तरीही डँट्झिग, फुल्करसन आणि जॉन्सन यांनी 1954 मध्ये 49 शहरांची सर्वांत छोटी फेरी सिद्ध करून दाखवली, आणि 2006 मध्ये 85,900 बिंदूंची फेरी सुटली. हे केवळ वेगाने साधलं नाही. लाखो पर्याय न पाहताच बाद करण्याच्या युक्त्या माणसांनी शोधल्या. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले आणि आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर यांचं 1984 चं काम याच परंपरेतलं. सिम्प्लेक्स पद्धत शक्य उत्तरांच्या क्षेत्राच्या कडेकडेने चालते, त्यांची पद्धत आतून मार्ग काढते. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही प्रकार असतात. रोजच्या कामाला तर सर्वोत्तम उत्तरापासून एखाद-दुसऱ्या टक्क्याच्या अंतरावरचं, पण सकाळी गाडी निघण्याआधी हाती येणारं उत्तर पुरतं.

“हा गणितज्ञांचा विषय, कामगारांचा संबंध नाही”

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानं पाणबुड्यांवर जे स्फोटक टाकत, ते सुमारे 100 फूट खोलीवर फुटेल असं लावलेलं असे. विमान दिसल्यापासून स्फोटक पडेपर्यंत पाणबुडी सरासरी तेवढी खोल जाईल, हा त्यामागचा तर्क. भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या संशोधक गटातले ई. जे. विल्यम्स यांनी हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या. खोल गेलेली पाणबुडी नेमकी कुठे आहे हेच वैमानिकाला माहीत नसतं, तेव्हा तिच्यावरचा हल्ला तसाही वाया जातो. हाती लागण्यासारखी असते ती अजून पृष्ठभागाजवळ असलेली पाणबुडी, आणि तिच्यासाठी 100 फूट फारच खोल. स्फोटाची खोली 25 फुटांच्या आसपास आणण्याची शिफारस झाली, आणि नवं शस्त्र न आणता हल्ले जास्त परिणामकारक ठरले. हे शहाणपण समीकरणापेक्षा वैमानिकांच्या नोंदींतून आलं.

यूपीएस या अमेरिकी कुरिअर कंपनीने ‘ओरायन’ ही मार्ग ठरवणारी यंत्रणा बांधली, तेव्हा सुरुवातीचे मार्ग गणिताने उत्तम पण ड्रायव्हरला न चालवता येणारे निघाले. बाजारात मिळणारे नकाशे त्या कामाला पुरेसे अचूक नव्हते. ते सुधारावे लागले, आणि कोणत्या ग्राहकाकडे किती वाजेपर्यंत पोहोचायलाच हवं असे ड्रायव्हरांच्या डोक्यातले नियम यंत्रणेत घालावे लागले. मार्ग रोज बदलला की ड्रायव्हरचा सराव मोडतो, म्हणून थोडं जास्त अंतर पत्करून ओळखीचा क्रम राखणं हेही उद्दिष्टात आलं. या सगळ्याला दहाएक वर्षं लागली. कंपनीच्या हिशेबाने त्यातून वर्षाला सुमारे 10 कोटी मैल आणि 1 कोटी गॅलन इंधन वाचतं. 2016 मध्ये या कामाला या क्षेत्रातला मानाचा फ्रांझ एडेलमन पुरस्कार मिळाला.