योसेफाचं कीर्तन

इचलकरंजीकराला कीर्तन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, मागे पेटी-तबला. आता फक्त आख्यानाचा नायक बदलून बघा. ध्रुव नाही, प्रल्हादही नाही. भावांनी खड्ड्यात ढकललेला, मग मिसर देशात गुलाम म्हणून विकला गेलेला योसेफ! बुवा ज्यू, श्रोते ज्यू आणि भाषा चोख मराठी.

हे खरोखर घडलंय. 1880 साली मुंबईतल्या बेने इस्राएल या ज्यू समाजातल्या काही तरुणांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं. हा समाज मूळचा कोकणातला, धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवार म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस, तेव्हा घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं ‘शनिवार तेली’. आडनावं किहीमकर, दिवेकर, अष्टमकर. घरात मराठी चालायची, प्रार्थना मात्र हिब्रूत. मग धर्मग्रंथातली मोशेची, एस्तेरची गोष्ट घरातल्या बायका-पोरांना कळायची कशी? बरं, यांच्यात रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हते. समजावून सांगणारं अधिकारी कुणी नाही म्हटल्यावर तरुणच उभे राहिले आणि त्यांनी शेजारच्या देवळातली कला बेधडक उचलली. बेंजामिन शिमशोन अष्टमकरांनी अशी कीर्तनं रचली. मला या धिटाईचंच जास्त कौतुक वाटतं. भरल्या सभेत उभं राहून गोष्ट रंगवायची, गायची, वर अर्थही सांगायचा! नेतृत्वाची याहून कडक तालीम कुठली?

त्याआधी पाचच वर्षं, 1875 मध्ये, हाईम सॅम्युएल किहीमकरांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा सुरू केली होती. तीच पुढे सर एली कदुरी शाळा झाली.

तरुणांनी असं पुढे येणं फक्त इथलंच नाही. आज जगभर ज्यू किशोरांच्या संघटना आहेत. अमेरिकेतल्या ओमाहा शहरात मुलग्यांची अशी एक संघटना उभी राहिली 1924 मध्ये. लंडनची ‘हबोनिम’ 1929 ची. हबोनिम पुढे मुंबईतही आली.

1948 मध्ये इस्राएल देश झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. मुंबईत उरलेल्यांत ‘ज्युईश यूथ पायोनियर्स’सारखे गट आहेत, सणावारी, शब्बाथला मुलं एकत्र येतात. समाज एवढा लहान की अशा भेटी झाल्या नाहीत, तर वर्गातला एकुलता एक ज्यू मुलगा दुसऱ्याला भेटणार कुठे?

कीर्तनही इस्राएलला पोचलं. तिकडे नातवंडांना हिब्रू उत्तम येतं. अडतं ते आजोबांच्या मराठीपाशी.