बर्फाच्या उतारांचा ताळेबंद

दिवाळीचे लक्ष्मीपूजन आटोपले, नव्या वह्यांवर ‘शुभ-लाभ’ लिहून झाले, की जुना जालन्यातील व्यापारी घरांत एक विषय हमखास निघतो : यंदा हिवाळ्यात कुठे जायचे? पूर्वी या प्रश्नाला महाबळेश्वर किंवा माउंट अबू अशी ठरलेली उत्तरे असत. अलीकडे घरातील मुलांनीच उत्तर बदलले आहे. त्यांना बर्फ पाहायचा असतो, आणि नुसता पाहायचा नसतो, तर पायांना लांब पट्ट्या बांधून त्याच्या उतारावरून घसरायचे असते.

ही हौस महाराष्ट्रात भागत नाही. जालना समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे मीटर उंचीवर वसले आहे. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरच. स्कीइंगला लागणारा टिकाऊ बर्फ आपल्या देशात साधारणतः अडीच हजार मीटरच्या वर, तोही हिमालयातच मिळतो. तेथे गुलमर्ग, औली, सोलंग आणि कुफ्री-नारकंडा ही चार नावे वारंवार कानी पडतात. प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत चारही सारखीच दिसतात. प्रत्यक्षात त्यांची उंची, वाट, उतार आणि भरवसा यांत मोठे अंतर आहे. कोणताही सौदा करण्यापूर्वी माल पारखून घेण्याची सवय असलेल्या कुटुंबांनी येथेही तीच दृष्टी ठेवावी.

गुलमर्ग : उंचीचा मान

भारतातील स्कीइंगचा इतिहास सांगायचा तर आरंभ गुलमर्गपासूनच करावा लागतो. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ साली येथे ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ स्थापन केला. पुढे केंद्र सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण शिकवणारी संस्थाही येथेच उभी राहिली. गुलमर्गचे पठार सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथून निघणारा गोंडोला, म्हणजे बंद पाळण्यांचा रज्जुमार्ग, दोन टप्प्यांत चढतो. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, तर दुसरा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, साधारण ३,९५० मीटरपर्यंत जातो. पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. इतक्या उंचीवर पाळण्यात बसून जाण्याची सोय जगातही मोजक्याच ठिकाणी आहे.

बर्फाची खोली आणि उतारांची लांबी या दोन्ही बाबतींत गुलमर्ग देशात पहिल्या क्रमांकावर ठेवावे लागेल. परदेशांतील कसलेले स्कीपटू मुद्दाम येथे येतात. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू आरिफ खान होता, तो याच परिसरातील.

मात्र या मानाची किंमतही आहे. अफरवटच्या वरच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका असतो. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ सैनिकी प्रशिक्षण घेणारे सतरा जवान हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका परदेशी स्कीपटूचाही असाच अंत झाला. नवशिक्यांनी पठारावरील सौम्य उतारांवरच राहावे आणि आखलेली सीमा ओलांडू नये, हा नियम येथे प्राणमोलाचा आहे. गोंडोलाची तिकिटे आगाऊ व ऑनलाइन काढावी लागतात. श्रीनगरहून येताना टंगमर्गच्या पुढे, बर्फ पडला असेल तर, चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीतूनच जावे लागते. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर काश्मीरची अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवण्यात आली होती. म्हणून निघण्यापूर्वी प्रशासनाची ताजी सूचना पाहणे अगत्याचे आहे.

वाट आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. ६ जून २०२५ रोजी चिनाब नदीवरील ३५९ मीटर उंचीच्या पुलाचे उद्घाटन झाले आणि कटरा ते श्रीनगर थेट रेल्वेगाडी सुरू झाली. विमानाने जाणाऱ्यांना छत्रपती संभाजीनगरहून दिल्ली व तेथून श्रीनगर हा मार्ग आहेच.

औली : शिकणाऱ्यांची शाळा

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील औलीचे उतार सुमारे अडीच हजार ते तीन हजार मीटर उंचीच्या दरम्यान पसरले आहेत. समोर ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर उभे असते. उतार एकसलग, मोकळे आणि फार तीव्र नाहीत. त्यामुळे स्कीइंगचे पहिले धडे गिरवण्यास औली उत्तम, असा जाणकारांचा निर्वाळा आहे. गढवाल मंडल विकास निगम येथे सात आणि चौदा दिवसांचे प्रशिक्षणवर्ग घेत आले आहे. तासाभराची हौस भागवणे आणि खरोखर शिकणे यांतील फरक ज्यांना कळतो, त्यांनी या वर्गांचा विचार करावा. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा येथे झाल्या, तेव्हा कृत्रिम बर्फ पाडणारी यंत्रेही आणली गेली होती.

जालन्याहून औलीची वाट लांब, पण सरळ आहे. सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, तेथून हरिद्वार, मग ऋषिकेशपासून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग करीत जोशीमठ. ऋषिकेश ते जोशीमठ हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर घाटरस्त्याचे असल्याने पूर्ण दिवस खाते. ज्यांना वळणांच्या रस्त्याचा त्रास होतो, अशा ज्येष्ठांनी मध्ये एक मुक्काम करणे इष्ट.

औलीचा विचार करताना जोशीमठला विसरता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये हे गाव खचू लागले. आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले, अनेक कुटुंबांना भर थंडीत घरे सोडावी लागली आणि जोशीमठ ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा प्रसिद्ध रज्जुमार्ग बंद करण्यात आला. जुन्या दरडीच्या ढिगावर वसलेल्या या गावात मोठी बांधकामे करू नयेत, असा इशारा सरकारी समितीने १९७६ सालीच दिला होता. तो मनावर घेतला गेला नाही. आता पर्यटक जोशीमठहून गाडीनेच वर जातात.

सोलंग : गर्दीची जत्रा

मनालीपासून चौदा किलोमीटरच्या आत असलेले सोलंग सुमारे अडीच हजार मीटरवर आहे. येथील उतार छोटे आणि सौम्य आहेत. रज्जुमार्ग आहे, भाड्याने गमबूट, जाड कोट व स्की मिळतात, आणि आजूबाजूला मक्याच्या कणसांपासून चहापर्यंत सारा बाजार भरलेला असतो. लहान मुलांना बर्फाची पहिली ओळख करून देण्यास ही जागा सोयीची. पण सुट्टीच्या दिवसांत वाहनांच्या रांगा इतक्या लागतात की निम्मा दिवस गाडीतच जातो.

मनालीची खरी ओळख मात्र या जत्रेपलीकडची आहे. येथील पर्वतारोहण संस्था १९६१ पासून कार्यरत असून तेथे स्कीइंगचे रीतसर वर्ग होतात. मनालीजवळच्या गावातील आंचल ठाकूर हिने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवले. स्कीइंगमधील भारताचे ते पहिले आंतरराष्ट्रीय पदक होय.

३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा हा मनालीचा राखीव निधी म्हणावा लागेल. सोलंगला बर्फ नसला तरी बोगद्यापलीकडे लाहौल खोऱ्यातील सिस्सूच्या बाजूस तो बऱ्याचदा सापडतो.

कुफ्री-नारकंडा : ज्येष्ठांसाठी सोयीचे

सिमल्याजवळचे कुफ्री एके काळी स्कीइंगसाठी नावाजलेले होते. आज तेथे बर्फाचा भरवसा उरलेला नाही. घोड्यांची रपेट आणि छायाचित्रे यांवरच समाधान मानावे लागते. सिमल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवरचे नारकंडा अधिक शांत असून त्याची उंची सुमारे २,७०० मीटर आहे. उतार लहान असले तरी नवशिक्यांना पुरेसे आहेत.

या जागेचे बळ खेळात नसून प्रवासात आहे. १९०३ साली सुरू झालेली कालका-सिमला छोटी रेल्वे ९६ किलोमीटरचा चढ हळूहळू चढते. त्यामुळे शरीराला उंचीची सवय होत जाते आणि आजी-आजोबांनाही प्रवासाचा आनंद मिळतो. सिमल्यात १९२० पासून नैसर्गिक बर्फावरची स्केटिंगची जागाही आहे.

कोणी कुठे जावे?

ही तुलना एका वाक्यात मांडायची तर : पूर्वी शिकलेल्या तरुणाने गुलमर्गला जावे, शिकू इच्छिणाऱ्याने औलीला, लहान मुलांच्या कुटुंबाने सोलंगला आणि तीन पिढ्यांनी एकत्र निघायचे असेल तर सिमला-नारकंड्याला.

घरातील वडीलधाऱ्यांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगणे आवश्यक आहे. अफरवटच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. गोंडोला काही मिनिटांत तेथे नेऊन सोडतो, शरीराला मात्र सवय व्हायला दिवस लागतात. हृदयविकार, दमा किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नये. तिकीट काढले आहे, पैसे वाया जातील, हा हिशेब येथे करू नये.

पैशांचा हिशेब निघण्यापूर्वी करावा. प्रवास आणि मुक्काम ही दोन शीर्षे सर्वांच्या ध्यानात असतात. स्की व बुटांचे भाडे, शिक्षकाची फी, रज्जुमार्गाचे तिकीट, साखळीची गाडी, बर्फाने रस्ता बंद झाल्यास वाढणारा मुक्काम ही शीर्षे राहून जातात. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी ती परत मिळण्याच्या अटी लेखी घ्याव्यात. बर्फ पडला नाही म्हणून पैसे परत मिळतील, असे सहसा कोणी लिहून देत नाही. विम्याची कागदपत्रेही नीट वाचावीत. अनेक अपघात विमा योजनांत साहसी खेळ वगळलेले असतात. हाड मोडल्यावर ही ओळ वाचण्यात अर्थ नाही.

आहाराचाही विचार करावा. जानेवारीत जालन्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. काश्मीरात आणि गढवालात तो त्याआधीच, साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास मावळतो, आणि डोंगराआड तर आणखी लवकर. चौविहार पाळणाऱ्यांनी दुपारीच भोजनाची व्यवस्था सांगून ठेवावी. खाकरा, मेथीचे ठेपले, सुकी भेळ आणि मुगाचे तयार पदार्थ सोबत असले की कांदा-लसूण व कंदमुळे टाळणाऱ्यांची कुचंबणा होत नाही.

हंगामाचा प्रश्न

यापुढचा प्रश्न मात्र कोणत्याही नियोजनाने सुटणारा नाही. मुलांना सुट्टी दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात असते. मोंढ्यात कापूस, सोयाबीन, तूर यांची आवक हिवाळ्यात चालते. बर्फाचा भरवशाचा काळ मात्र जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. शाळा, दुकान आणि बर्फ यांची तारीख सहसा जुळत नाही, आणि अलीकडे तर बर्फाने स्वतःचीच तारीख पाळणे सोडले आहे.

हिमालयात हिवाळ्यात पडणारा बर्फ मुख्यतः पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या दिशेने येणाऱ्या वाऱ्यांच्या आवर्तांमुळे पडतो. ते क्षीण झाले की डोंगर कोरडे राहतात. काश्मीरात २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’ म्हणून ओळखले जातात. ते कडाक्याच्या थंडीचे आणि हिमवर्षावाचे. तरीही जानेवारी २०२४ च्या मध्यावर गुलमर्गचे पठार तपकिरी आणि उघडे होते. बर्फ आला तो महिनाअखेरीस. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. औलीतील राष्ट्रीय स्पर्धांवरही अशी वेळ एकाहून अधिक वेळा आली आहे. कृत्रिम बर्फाच्या यंत्रांनाही कडक थंडी आणि भरपूर पाणी लागतेच. युरोपातील आल्प्स पर्वतात, जेथे हा खेळ मोठा उद्योग आहे, तेथेही कमी उंचीची अनेक केंद्रे याच कारणाने बंद पडली आहेत.

पर्यटकाचे नुकसान एका सहलीपुरते असते. घसरगाडी ओढणारा, स्की भाड्याने देणारा, उतारावर हात धरून शिकवणारा तरुण यांचे मात्र वर्षाचे उत्पन्न दोन-अडीच महिन्यांत उभे राहायचे असते. हंगाम हुकला की वर्ष हुकले. जालन्याच्या व्यापाऱ्यास हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा बाजारपेठेनेही तो ताण सोसला आहे.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर पाऊस हे चालू खाते आहे : आला आणि वाहून गेला. डोंगरावरचा बर्फ ही मुदत ठेव आहे. ती हिवाळ्यात जमा होते आणि उन्हाळ्यात, गरजेच्या वेळी, थोडी थोडी नदीत उतरते. झेलम, बियास, अलकनंदा यांच्या काठची शेती आणि गावे त्या व्याजावर उन्हाळा काढतात. ठेवच जमा झाली नाही, तर केवळ स्कीच्या स्पर्धा रद्द होत नाहीत. खालच्या खोऱ्यातील विहिरींपर्यंत त्याची झळ पोहोचते.

जालन्यात पाणी आटले, तेव्हा नागरिक आणि उद्योजक यांनी वर्गणी काढून घाणेवाडी तलावातील गाळ उपसला. पाणी साठवणे हे सरकारचेच नव्हे तर आपलेही काम आहे, हा धडा कुंडलिकेच्या दोन्ही काठांनी तेव्हा घेतला. हिमालयात जाणाऱ्या कुटुंबाने हाच धडा सोबत न्यावा. प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेष्टने उतारावर टाकू नयेत, ती परत खाली आणावीत. मोठ्या हॉटेलाऐवजी शक्य तेथे स्थानिक घरी उतरावे, शिक्षकाला ठरलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी. आणि बर्फ नाही पडला, तर मुलांना तो का पडला नाही, हे उघड्या उतारावर उभे राहून समजावून सांगावे. सहलीचे पैसे त्या दिवशीही वसूल झालेले असतील.