मांडवाबाहेरची पंगत

ऑस्करसाठी मी सोमवारी अर्धी रजा टाकायचो. पहाटे साडेपाचला गजर, थर्मासमध्ये चहा, बायकोची झोपमोड नको म्हणून टीव्हीचा आवाज अगदी बारीक. २००४मध्ये ‘श्वास’ भारतातर्फे गेला, तेव्हा लोकांनी खर्चासाठी वर्गणी काढली. आमच्या ऑफिसात डबा फिरवणारा मीच. नामांकन मिळालं नाही, तरी हुरूप टिकला. २०१७मध्ये ‘ला ला लँड’चं नाव पुकारून बाहुली ‘मूनलाइट’ला गेली, त्या गोंधळाचीही मजाच वाटली.

उत्साह मेला २०२२मध्ये. संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत धरून आठ पुरस्कार थेट प्रक्षेपणाआधीच उरकले आणि काटछाट करून मध्ये चिकटवले. ज्यांच्या हातांनी सिनेमा घडतो, त्यांचीच पंगत मांडवाबाहेर! थिल्लर विनोदांना मात्र वेळ होता. (आणि त्याच रात्री मंचावर मारलेल्या थपडेलाही.)

पुढच्या वर्षी ते आठही पुन्हा थेट दाखवले. मी झोपलो होतो.