निसर्ग चक्रीवादळ : किनाऱ्याची तयारी आणि आपले सातबारे



भोपाळच्या व्याख्यानमालेत चक्रीवादळ हा विषय कशासाठी, असे काहींच्या मनात आले असेल. आपल्याजवळ मोठा तलाव आहे, पण समुद्र येथून सुमारे पाचशे किलोमीटर दूर. तरीही त्या किनाऱ्याशी आपले नाते जुने आहे. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावांनी निजामाला याच भोपाळात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराह्याचा तह झाला. त्या पेशव्यांचे घराणे मूळचे श्रीवर्धनचे. बाळाजी विश्वनाथ भट तिथूनच घाटावर आले, आणि पुढे पेशवाईच्या काळात कोकणातली व देशावरची कितीतरी घराणी माळव्यात येऊन स्थिरावली. ३ जून २०२० रोजी भरदुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ जमिनीवर आले, ते याच श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात, अलिबागच्या दक्षिणेला. त्याचा उरलासुरला जोर नाशिक-विदर्भाकडून मध्य प्रदेशात शिरला आणि आपल्याकडेही पाऊस पाडून विरला.

या वादळात माणसे वाचली, पण वाड्या गेल्या. असे का झाले, हे आज समजून घ्यायचे आहे. शिवाय पुढच्या वादळाच्या तयारीतला एक लहानसा भाग येथे भोपाळात, आपल्या कपाटांतल्या जुन्या कागदांत अडकलेला आहे. तेही सांगायचे आहे.

आधी वादळाची घडण पाहू. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांहून अधिक तापले की त्यावरची दमट हवा वर चढू लागते. वर गेल्यावर वाफेचे पाणी होते आणि वाफेत साठलेली उष्णता हवेत सुटते. त्याने हवा आणखी तापते, आणखी वर जाते, आणि खालचा दाब उतरतो. ही पोकळी भरायला चहूबाजूंनी वारे धावतात. पृथ्वी फिरत असल्यामुळे ते सरळ न येता वळतात, आणि आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगरू लागतात. वाफ हेच या वादळाचे इंधन. म्हणून जमिनीवर आले की ते काही तासांत थकते, पण ते थकेपर्यंतचे तास किनाऱ्याला काढावे लागतात.

आपले हवामान खाते वाऱ्याच्या वेगावरून वादळाची पायरी ठरवते. ताशी ६२ किलोमीटरपासून ‘चक्रीवादळ’, ८९ पासून ‘तीव्र चक्रीवादळ’, ११८ पासून ‘अतितीव्र’, आणि २२२ च्या पुढे ‘महाचक्रीवादळ’. ‘निसर्ग’ किनाऱ्याला लागले तेव्हा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे, म्हणजे ‘तीव्र’ पायरीवरचे होते. यादीत ही पायरी फार वरची नाही. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा मारा चौपट होतो, आणि जे घर, जी बाग ताशी पन्नासच्या वाऱ्यात शंभर वर्षे उभी राहिली, ती शंभरच्या वाऱ्यात उभी राहीलच असे नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वादळ ज्या दिशेने चालले आहे त्या दिशेला तोंड करून उभे राहिलो, तर आपल्या उजव्या हाताची बाजू अधिक घातक असते. तिथे फिरणाऱ्या वाऱ्याच्या वेगात वादळाच्या चालीचा वेग मिळतो, आणि वारा समुद्राचे पाणी किनाऱ्यावर लोटतो. ‘निसर्ग’ ईशान्येकडे चालले होते. त्यामुळे श्रीवर्धन, मंडणगड, दापोली यांना जबर मार बसला, आणि डाव्या बाजूला राहिलेली मुंबई बऱ्याच अंशी सुटली. त्या दिवशी दूरचित्रवाणीवर बहुतेक मुंबईच दिसत होती. मुंबई बचावली म्हणताच सगळे संपले असे देशाला वाटले. श्रीवर्धनचे खरे हाल त्याच वेळी सुरू झाले होते.

सूचना मिळाली होती का? मिळाली होती, आणि ती चांगली मिळाली. आपल्याकडे इशारा टप्प्याटप्प्याने दिला जातो. सुमारे तीन दिवस आधी पूर्वसूचना, दोन दिवस आधी सावधानतेचा इशारा, एक दिवस आधी धोक्याचा इशारा, आणि शेवटच्या बारा तासांत जमिनीवर आल्यानंतर काय होईल याचा अंदाज. बंदरांवर एकपासून अकरापर्यंत क्रमांकांचे बावटे असतात. आठ ते दहा म्हणजे महाधोका, आणि अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. २०२० साली मच्छीमारांना वेळेत परत बोलावले गेले, होड्या खाडीत आणि वाळूवर ओढून घेतल्या गेल्या, एनडीआरएफच्या तुकड्या आधीच पोहोचल्या, आणि किनाऱ्यालगतच्या कच्च्या घरांतली हजारो माणसे शाळांत नेली गेली. हे सारे करोनाच्या ऐन काळात, एकमेकांपासून अंतर राखा असे सांगितले जात असताना झाले. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तात्पुरत्या करोना केंद्रातले रुग्णही आदल्या दिवशी दुसरीकडे हलवले गेले. परिणामी मृतांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

या गोष्टीची किंमत ओडिशाला विचारावी. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर शेकडो पक्के निवारे बांधले, गावोगावी तरुणांच्या तुकड्या तयार केल्या, दरवर्षी सराव घेतले. ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ पुरीजवळ आदळले, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोक आधीच हलवलेले होते, आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. समुद्र तोच होता आणि वाराही कमी नव्हता. फरक पडला तो वेळेवर सांगण्याने, आणि सांगितलेल्यावर लोकांनी विश्वास ठेवून घर सोडण्याने.

वेळेवर न सांगितल्यास काय होते, हे या शहराला शिकवावे लागत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री वारा कोणीकडे आहे, तोंडावर ओले फडके धरा, वाऱ्याबरोबर धावू नका, एवढी दोन वाक्ये घरोघर पोहोचली असती तरी किती प्राण राहिले असते! म्हणून हवामान खात्याच्या इशाऱ्याची ‘आले आणि गेले’ म्हणून जेव्हा कोणी थट्टा करते, तेव्हा भोपाळकराने तरी त्यात हसू नये.

मग कोकणात उणे कुठे राहिले? वादळ गेल्यानंतरच्या तयारीत. अरबी समुद्रातली वादळे बहुधा गुजरातकडे किंवा ओमानकडे जातात, अशी किनाऱ्याची जुनी समजूत. नोव्हेंबर २००९ चे ‘फयान’ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान आले, पण तो अपवाद मानला गेला. आता अरबी समुद्र तापत चालला आहे. २०१९ या एका वर्षात त्यात पाच चक्रीवादळे झाली, त्यातले ‘क्यार’ तर महाचक्रीवादळाच्या पायरीला पोहोचले. ‘निसर्ग’नंतर वर्षभराच्या आतच, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ कोकणाला घासत गुजरातकडे गेले. अपवादाची भाषा आता पुरणार नाही.

३ जूनच्या संध्याकाळी श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात काय होते? विजेचे खांब आडवे, मोबाइलचे मनोरे बंद, रस्त्यावर झाडे. काही गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली. कौले काढून ज्यांनी पत्रे घातले होते, त्यांचे पत्रे पाखरासारखे उडाले. कौले फुटली, पण ती निदान माणसाच्या गळ्यावरून पात्यासारखी गेली नाहीत. पावसाळा तोंडावर, आणि डोक्यावर छप्पर नाही.

डॉक्टर म्हणून सांगतो, वादळातले पुष्कळसे दुखणे वादळ थांबल्यावर सुरू होते. वारा अचानक पडला म्हणून लोक बाहेर येतात. कधी ती वादळाच्या मध्यभागाची शांतता असते आणि थोड्याच वेळात उलट्या दिशेचा वारा सुटतो. पडलेल्या तारांचा धक्का बसतो. छप्पर शाकारताना माणसे खाली पडतात. पत्र्याच्या आणि खिळ्याच्या जखमा होतात. बिळात पाणी शिरलेले साप घरात येतात. साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मूत्रामुळे लेप्टोस्पायरोसिस होतो. त्यात ताप, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्यांत वेदना आणि लाल डोळे दिसले की थांबू नये. मी होमिओपॅथ आहे, चार दशके त्याच शास्त्राची सेवा केली, आणि म्हणूनच स्पष्ट सांगतो की धनुर्वाताची लस, सर्पदंशावरचे प्रतिविष आणि लेप्टोवरची प्रतिजैविके यांना आमच्याकडे पर्याय नाही. अशा वेळी सरळ सरकारी दवाखाना गाठावा. किनाऱ्यावर तुमचे वडीलधारे राहत असतील, तर रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या मे महिन्यातच घरात असू द्या. इन्सुलिन असेल तर वीज गेल्यावर ते ओल्या मातीच्या मडक्यात, कुपी कोरडी राहील अशा बेताने ठेवता येते, हे त्यांना सांगून ठेवा. विहिरीत पाला पडून पाणी नासते, म्हणून पाणी शुद्ध करायची क्लोरीनची औषधेही घरात असावीत.

आता वाडीकडे वळू. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. तिथली वाडी म्हणजे वर नारळ, त्याच्या सावलीत सुपारी, मधून केळी आणि मसाल्याची झाडे. नारळ लावल्यापासून फळ धरायला सहा ते आठ वर्षे लागतात, सुपारीला पाच ते सात. पण सुपारीच्या कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही. वरचा नारळच पडला, तर आधी केळी लावून सावली उभी करायची आणि मग सुपारी. म्हणजे २०२० च्या पावसाळ्यात लावलेली नवी वाडी हाती लागायला २०२७-२८ साल उजाडते. मधली वर्षे खायचे काय, हा प्रश्न वादळाच्या बातम्यांत कुठे नव्हता.

सरकारने मदत दिली नाही असे नाही. फळबागांसाठी हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार रुपये द्यायचे ठरले. ऐकायला रक्कम बरी वाटते. पण कोकणातली वाडी हेक्टरात मोजत नाहीत, गुंठ्यात मोजतात. एका हेक्टरात साधारण शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये आले, आणि दहा गुंठ्यांची वाडी भुईसपाट झालेल्या कुटुंबाला ५ हजार. पडलेली खोडे तोडून बाहेर काढण्याची मजुरीही त्यात भागत नव्हती. पुढे ओरड झाल्यावर झाडांची संख्या धरून मदत देण्याचा निर्णय झाला.

पण ती मदत तरी कोणाला? येथे आपला संबंध येतो. त्या दहा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर कधी पंधरा, कधी तीस नावे असतात. पणजोबांची चार मुले. एक वाडीवर राहिला, एक मुंबईला गेला, एक ग्वाल्हेर-इंदूरला, एक भोपाळला. पिढ्या उलटल्या. मयतांची नावे तशीच, वारसांच्या नोंदी झालेल्या नाहीत. झाडे शिंपली, शेणखत घातले, सुपाऱ्या सोलल्या त्या एकाच चुलत घराने. पंचनाम्याला तलाठी येतो, आणि सामाईक क्षेत्राची मदत एकाच्या खात्यात जमा करायची तर बाकीच्या हिस्सेदारांची संमती मागतो. ती संमती आणायला तो चुलतभाऊ कुठे कुठे फिरणार? त्यात त्या जूनमध्ये टाळेबंदी, आणि तिकडचे फोनही बंद.

निवारे बांधणे, वीजवाहिन्या जमिनीखाली नेणे ही कामे सरकारची आहेत. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून महाराष्ट्रातही ती हाती घेतली गेली आहेत. सातबारा स्वच्छ करणे हे मात्र आपल्याच हातचे काम आहे. संगणकीकृत सातबारा आता घरबसल्या पाहता येतो. आपले, आपल्या आजोबांचे नाव त्यावर आहे का, ते पाहावे. मयतांच्या वारस नोंदीचा अर्ज करावा. वाडी कसणाऱ्या भावंडाला संमतीपत्र किंवा मुखत्यारपत्र आताच, आकाश निरभ्र असताना करून द्यावे. आणि ज्यांना त्या जमिनीतून काही घ्यायचे नाही, केवळ ‘कोकणात आमची वाडी आहे’ एवढे म्हणण्यासाठी नाव ठेवले आहे, त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा विचार करावा. आम्ही जैन अपरिग्रहाचे नाव फार घेतो. माझ्या मते अपरिग्रहाची याहून सोपी कसोटी दुसरी नाही.

कुलाचाराला हरिहरेश्वरी किंवा दिवेआगरला जाल, तेव्हा देवळातून परस्पर परतू नका. वाडीवर जा. तिथे कमरेइतकी झालेली नारळाची रोपे दिसतील. ती कोणी लावली ते विचारा आणि सोबत नेलेला कागद त्याच्या हाती द्या.