चालताना पोटरी दुखते, थांबलं की बरं वाटतं?



विठ्ठलवाडी स्टेशनचा पूल चढताना मधेच कठडा धरून थांबलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. कदाचित तुम्ही स्वतःही थांबत असाल. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "वय झालं गं", "वात आहे", "दिवसभर उभं राहून पाय भरून येतात." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण काही जणींचं दुखणं गुडघ्याचं नसतं आणि वाताचंही नसतं. पायाला रक्त नेणारी नळी, म्हणजे धमनी, आतून अरुंद झालेली असते. गटाच्या बैठकीत पायदुखीचा विषय निघतो आणि बाम, तेल, शेक इथंच संपतो, म्हणून या वेळी त्यावर लिहितेय.

आपल्या चाळीतल्या नळाचं बघा. क्षार साचून पाईप अर्धा बुजला तरी एका घरची कळशी हळूहळू भरते. पण चार घरांनी एकदम नळ सोडले की धार तुटते. पायाचं तसंच आहे. धमनीच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चरबीचा थर चढत जातो. आपण बसलेलो असतो तेव्हा पोटरीला थोडं रक्त पुरतं. चालायला लागलो की तिला कितीतरी जास्त रक्त हवं असतं, ते पोचत नाही, आणि पोटरीत कळ येते किंवा गोळा आल्यासारखं होतं. थांबलं की गरज कमी होते आणि काही मिनिटांत कळ जाते. पुन्हा साधारण तेवढंच अंतर चाललं की पुन्हा दुखतं. ही या आजाराची मुख्य खूण. काहींना ती मांडीत किंवा कुल्ल्यातही जाणवते.

गुडघ्याचं दुखणं वेगळं असतं. ते बसून उठताना, मांडी घालताना जास्त होतं. कमरेची नस दबली असेल तर कळ कमरेतून खाली उतरते. शिरा फुगल्या असतील तर संध्याकाळी पाय जड होतात, सुजतात, आणि उशीवर पाय ठेवले की बरं वाटतं. धमनी फारच अरुंद झाली असेल तर नेमकं उलटं होतं. पाय वर घेतला की जास्त दुखतो आणि खाटेखाली लोंबता सोडला की आराम पडतो. घरात कुणी रात्री पाय खाली सोडून बसून राहत असेल तर त्याला "झोप येत नाही" म्हणून सोडून देऊ नका. तो आजार बराच पुढे गेल्याची खूण असू शकते. मात्र बायकांमध्ये या खुणा नेहमी इतक्या स्पष्ट नसतात. नुसता थकवा, पायात जडपणा, एवढंच जाणवतं. शिवाय आपण दुखायला लागण्याआधीच चालणं कमी करतो. बाजार लांब वाटतो, रिक्षा करतो, मुलीला पाठवतो. मग कळ येतच नाही आणि आजार कळतच नाही.

हे होतं कशाने? तंबाखू, मधुमेह, बीपी, रक्तातली वाढलेली चरबी, किडनीचा आजार आणि वाढतं वय. पाळी गेल्यानंतर बायकांचाही धोका वाढत जातो. यात सगळ्यात वाईट विडी-सिगारेट. घरातल्या कर्त्या माणसाला तीस-चाळीस वर्षांची विडी असेल आणि तो चालताना थांबत असेल, तर हा लेख त्यालाही वाचून दाखवा.

आता मिश्री. हे वाचून काही जणी माझ्यावर चिडणार, चिडू द्या. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढ बायकांमागे 17 जणी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या, आणि आपल्याकडे बाईच्या हातात विडी कमी, मिश्रीची डबी जास्त. "मी ओढत नाही, नुसती लावते", "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे मी वस्तीवस्तीत ऐकते. धमन्यांचं विडीइतकं नुकसान मिश्री करत नसेलही, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटीन हिरडीतून रक्तात जातं, रक्तवाहिन्या आवळतं, बीपी चढवतं. पायाला आधीच रक्त कमी पोचत असेल तर हे परवडणारं नाही. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी फोन मोफत आहे.

साखर असलेल्या तायांनी पुढचं नीट वाचा. मधुमेहात दोन गोष्टी एकदम होतात. धमनी अरुंद होते आणि पायाच्या नसाही बधिर होतात. रक्त पोचत नसलं की कळ येऊन सूचना मिळते, ती सूचनाच बंद होते. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. खडा टोचला, गरम पाण्याने पोळलं, रात्री उंदराने बोट कुरतडलं, तरी सकाळी चादरीवर रक्त दिसेपर्यंत पत्ता नसतो. त्या छोट्या जखमेला भरून यायला रक्त लागतं आणि तेच कमी असतं. जखम चिघळते, बोट काळं पडतं, आणि मग बोट, पाऊल किंवा गुडघ्याखालचा पाय कापायची वेळ येते. पाय गेला की भाजीची पाटी गेली, कंपनीतलं काम गेलं, गटाचा हप्ताही थकला. अशा वेळी आपण गटातून अंतर्गत कर्ज देतो, आणि द्यायलाच हवं. पण तोवर फार उशीर झालेला असतो.

म्हणून साखर असेल तर रोज रात्री पाय बघा. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवा किंवा नातीला बघायला सांगा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. भोवरी ब्लेडने कापू नका, पाय शेकू नका, जखमेवर हळद-चुना भरू नका. नवस असला तरी मलंगगड अनवाणी चढू नका, देव चप्पल घातलेली चालवून घेतो. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार लागतंय, कातडी चकचकीत झालीय किंवा जखम आठवड्यात सुकायला लागली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. बोट काळं पडत असेल, जखमेतून पू किंवा वास येत असेल, तर त्याच दिवशी जा.

आणखी एक गोष्ट पायापेक्षा मोठी आहे. पायाची धमनी बुजली असेल तर हृदयाची आणि मेंदूचीही त्याच वाटेवर असू शकते. अशा माणसांना हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणजे पोटरीची कळ कधीकधी छातीच्या आजाराची आधी आलेली चिठ्ठी असते.

तपासणी साधी आहे. डॉक्टर पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बोटांनी बघतात. मग हाताचं बीपी आणि घोट्याचं बीपी मोजून तुलना करतात. घोट्याचं हाताच्या नव्वद टक्के किंवा त्याहून कमी भरलं तर धमनीत अडथळा आहे असं समजतात. सुई नाही, दुखत नाही. त्यापुढे लागली तर डॉपलर सोनोग्राफी. तिशीनंतर बीपी-साखरेची तपासणी आपल्या आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईला विचारा. पुढच्या तपासणीसाठी उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आहे. तिथे "पाय दुखतात" एवढंच सांगू नका. किती चालल्यावर दुखतं, कुठे दुखतं, थांबल्यावर किती वेळात थांबतं, हे सांगा.

उपचाराची सुरुवात ऑपरेशनने होत नाही. तंबाखू बंद, साखर-बीपी ताब्यात, रक्त पातळ ठेवणारी आणि चरबी कमी करणारी गोळी डॉक्टर देतील तशी रोज. आणि ऐकून नवल वाटेल, पण चालणं हेच औषध. पायाला जखम नसेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर कळ येईपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की पुन्हा चालायचं. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस. तीनेक महिन्यांत न थांबता चालायचं अंतर वाढलेलं जाणवतं. एवढ्याने भागलं नाही किंवा पाय धोक्यात असेल तर फुग्याने धमनी उघडतात किंवा बायपास करतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचा उपचार त्यात बसतो का आणि कुठल्या रुग्णालयात होतो, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधी विचारून घ्या.

एका प्रसंगी मात्र विचारत बसायला वेळ नसतो. पाय अचानक प्रचंड दुखायला लागला, पांढरा आणि गार पडला, बधिर झाला किंवा बोटं हलेनात, तर धमनी एकदम बंद झालेली असू शकते. पाय वाचवायला काही तासच हातात असतात. चोळू नका, शेकू नका, सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा, रात्रीच्या धावपळीत नेमके तेच कागद सापडत नाहीत.